फुल-साइझ पिकअपचं खरं अ‍ॅव्हरेज किती? (ह्यूस्टन, रोजचं ऑफिस + ढोलांचा ट्रेलर)

केटीकरीण
नमस्कार मंडळी. आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीत राहतो. आमच्या ढोल-ताशा पथकाचे २२ ढोल, ताशे, झांजा आणि ध्वजाच्या काठ्या आमच्याच गराजमध्ये असतात (का, ते विचारू नका. एकदा "ठेवा की" म्हटलं होतं). त्यासाठी ६ बाय १२ फुटी बंद ट्रेलर घेतलाय. वर्षातून सात-आठ कार्यक्रम, त्यातले दोन-तीन डॅलस किंवा ऑस्टिनला. आत्ताची एसयूव्ही १३ वर्षांची झाली, ती ट्रेलर ओढताना कण्हते.

म्हणून फुल-साइझ पिकअप घ्यायचं चाललंय. पण बाकीचे सगळे दिवस तीच गाडी घेऊन आय-१० ने डाउनटाउनला जायचंय, एका बाजूने ३० मैल. वर्षाला धरून चला १५,००० मैल. नव्या गाडीच्या काचेवरच्या स्टिकरवरचे अ‍ॅव्हरेजचे आकडे मी वाचलेत. मला हवंय ते पंपावरचं खरं अ‍ॅव्हरेज. टर्बो व्ही-सिक्स, व्ही-एट, हायब्रिड, डिझेल, ज्याच्याकडे जे असेल त्याने सांगा.

खडीसाखर
ढोल हलके असतात की. मिनिव्हॅनमध्ये सीट काढून नाही बसत?

केटीकरीण
@खडीसाखर, आठ बसतात. उरलेले चौदा कुणाच्या मांडीवर देऊ?

दक्षिणवारा
डॅलसहून लिहितोय. गेली आठ वर्षं हाफ-टन (म्हणजे साधी फुल-साइझ) पिकअप चालवतो, आत्ताचा ३.५ लिटर टर्बो व्ही-सिक्स, फोर बाय फोर. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच जाईल. ग्लव्ह बॉक्समध्ये वही ठेवलीय, प्रत्येक वेळी टाकी फुल करून मैल आणि गॅलन लिहितो. वहीतलं सार असं (गॅलनला मैल):

रिकामी गाडी, ६५ चा वेग, शांत हवा: २२ च्या आसपास.
रिकामी, ७८-८० चा वेग: १८, कधी १७.५.
शाळा, किराणा, छोट्या फेऱ्या: १५-१६.
२५ फुटी कॅम्पर मागे: ९ ते १०. डोंगर नाही, चढ नाही, सपाट टेक्सासमध्ये!

आता हे असं का. स्टिकरसाठी जी मूळ हायवे टेस्ट असते तिचा सरासरी वेग ताशी ४८ मैल आणि कमाल ६०. २००८ च्या मॉडेलांपासून ईपीएने (अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था, स्टिकरचे आकडे तिचेच) जास्त वेगाची, एसी लावलेली आणि थंडीतली टेस्टही हिशेबात आणली, त्यामुळे स्टिकर पूर्वीइतका फेकत नाही. पण सकाळी साडेसहाला केटी फ्रीवेवर ४८ ने जाऊन दाखवा, मागचा माणूस हॉर्नवरून हात काढणार नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६५ वरून ८० वर गेलात की तो दीडपट होतो. सेडानला ते जाणवतं, पण पिकअप म्हणजे समोरून कपाट. तिला ते फार जाणवतं.

आणि तुमच्या बाबतीत खरी मेख ट्रेलरमध्ये आहे, ढोलांत नाही. २२ ढोल किती भरतील? पाच-सहाशे पौंड. ट्रेलर स्वतः तेरा-चौदाशे. म्हणजे दोन हजार पौंड, फुल-साइझला हे किरकोळ. पण तो बंद डबा गाडीच्या टपाच्याही वर जातो आणि सपाट तोंडाने हवेवर धडकतो. हायवेला एकदा वेग धरला की वजन ओढायला फार लागत नाही, हवा फाडायला लागतं. डबा रिकामा असो की भरलेला, अ‍ॅव्हरेजमध्ये एखाद-दीड मैलाचाच फरक दिसेल. लिहून ठेवा.

सांगलीचा_पाहुणा
१६ एमपीजी (गॅलनला मैल) म्हणजे लिटरला ६.८ किलोमीटर. माझे बाबा गेल्या वर्षी आले होते. माझ्या पिकअपच्या डॅशवरचा आकडा त्यांनी मनातल्या मनात किलोमीटरमध्ये बदलला, दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "ऊस तरी भरत जा रे मागं."

केटीकरीण
@सांगलीचा_पाहुणा 😂 सासऱ्यांना हा धागा दाखवणार नाही.
@दक्षिणवारा, एवढं लिहिल्याबद्दल मनापासून आभार. म्हणजे फोर बाय फोर घेऊ की नको?

दक्षिणवारा
ह्यूस्टनमध्ये? बर्फ नाही, चिखलात तुम्ही जात नाही. टू-व्हील घ्या. एक-दोन मैल तिथेच वाचतात आणि वजनही कमी. घेताना दारावरच्या लेबलात अ‍ॅक्सल रेशोचा (चाकांकडच्या गिअरच्या प्रमाणाचा) कोड असतो तोही बघा. ३.९२ सारखा मोठा आकडा जड ओढायला, ३.३१ सारखा लहान हायवेला. विक्रेत्याला विचाराल तर तो सीटच्या लेदरबद्दल सांगेल.

डिझेलवाला
कुणीच डिझेलचं नाव काढत नाही म्हणून आलो. २०२० च्या सिल्वराडो १५०० ला ३ लिटर डिझेल, टू-व्हीलमध्ये ईपीएचा हायवे आकडा ३३ होता. फुल-साइझला तेहेतीस! माझा फोर बाय फोर आहे, हायवेला २६-२७ सहज येतात आणि ट्रेलर मागे असताना पेट्रोलवाल्यांइतकी पडझड होत नाही.

आता दुसरी बाजू, कारण नंतर मला शिव्या नकोत. डिझेल गॅलनमागे महाग असतं, डीईएफ (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारं द्रव) भरत राहावं लागतं, आणि छोट्या फेऱ्यांना हे इंजिन योग्य नाही. एक्झॉस्टमधला फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, त्याला सलग चाल लागते. तुमचे ३० मैल त्याला पुरतील. पण निवड उरली नाही फारशी: फोर्डने एफ-१५० मधलं डिझेल २०२१ नंतर बंद केलं, रॅम १५०० चं २०२३ मध्ये संपलं.

आणि कुणी "सरळ २५०० घ्या" (म्हणजे याहून जड, मोठी पिकअप) म्हणालं तर ऐकू नका. ८,५०० पौंडांच्या वरच्या जीव्हीडब्ल्यूआरच्या (गाडी आणि माल मिळून कमाल वजनाच्या) पिकअपला ईपीएचा स्टिकर लागतच नाही, अ‍ॅव्हरेज विचारायचं तर मालकालाच.

मैलाचादगड
डेन्व्हरकडून थोडं. इथे हिवाळ्यात प्रत्येकाचं अ‍ॅव्हरेज पडतं, थंड इंजिनाच्या छोट्या फेऱ्यांत तर चांगलंच. शिवाय इथला रेग्युलर गॅस (म्हणजे पेट्रोल) ८५ ऑक्टेनचा, आणि बहुतेक टर्बोंच्या मॅन्युअलमध्ये किमान ८७ लिहिलेलं असतं. कधी ट्रेलर घेऊन इकडे आलात तर नोझलवरचा आकडा बघून भरा. ह्यूस्टनला ही भानगड नाही.

बटाटेवडा७७
टेलगेट (मागची फळी) उघडं ठेवून चालवा, हवा आरपार जाते. मी कायम तसंच करतो.

दक्षिणवारा
@बटाटेवडा७७, उलटं आहे हो. टेलगेट बंद असलं की बेडमध्ये (मागच्या हौद्यात) हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत जाते. उघडलंत की तो मोडतो. सामान पडतं ते वेगळंच.

बटाटेवडा७७
वीस वर्षं झाली असं चालवतोय. असो.

गराजगुरू
माझ्याकडे हायब्रिड फुल-साइझ आहे, शुगरलँडला. ट्रॅफिकमध्ये २४, उघड्या रस्त्यावर ७५ ने २१. हायब्रिडची मजा ब्रेक मारण्यात आहे: गाडी थांबताना बॅटरी भरते, मुंगीच्या पावलांनी सरकताना इंजिन झोपलेलं असतं. एका लयीत ७५ ने ट्रेलर ओढताना ते काहीच उपयोगाचं नाही, तेव्हा ही साधी व्ही-सिक्सच.

पण एमपीजीकडे बघून निर्णय घेऊ नका, गॅलन मोजा. तुमचे १५,००० मैल:
१६ ला ९३७ गॅलन,
२० ला ७५०,
२४ ला ६२५.
१६ वरून २० ला गेलात तर १८७ गॅलन वाचले. पुन्हा तेवढेच चार वर चढून २४ केलेत तर फक्त १२५. तीन डॉलर गॅलन धरला तर वर्षाला पावणेचारशे डॉलर. हायब्रिडसाठी तीन हजार जास्त मोजत असाल तर आठ वर्षं लागतील वसूल व्हायला.

आता ट्रेलरचं बघा. वर्षाला फार तर २,००० मैल ओढाल. १२ चं अ‍ॅव्हरेज पडलं तर १६७ गॅलन, १५ पडलं तर १३३. फरक शंभर डॉलर. म्हणजे ढोलांची काळजी करून गाडी निवडू नका, आय-१० साठी निवडा.

(मी हायब्रिड का घेतली? मागच्या प्लगांसाठी. २०२४ च्या जुलैत बेरिल वादळात वीज गेली तेव्हा आमचा आणि शेजारच्यांचा फ्रीज गाडीवर चालला. ते पैसे मी अ‍ॅव्हरेजमध्ये धरत नाही.)

खडीसाखर
एक शंका. दोनच हजार पौंड ओढायचेत तर फुल-साइझच कशाला? फोर्ड मॅव्हरिक ही छोटी पिकअप हायब्रिड आली तेव्हा तिचा ईपीए आकडा शहरात ४२, एकत्रित ३७ होता.

केटीकरीण
@खडीसाखर, नवऱ्याला मागच्या सीटवर बसवून पाहिलं. सहा फूट दोन इंच, गुडघे कानाला लागले. शिवाय तिची साधी ओढायची मर्यादाच २,००० पौंड, आमचं वजन काट्यावर येतं.

डिझेलवाला
आणखी एक, वापरलेली घेत असाल तर टायर बघा. आधीच्या मालकाने हौसेने ३५ इंची चढवले असतील आणि कॉम्प्युटरला सांगितलं नसेल तर मूळ ३२ इंचीच्या हिशेबाने ओडोमीटर साधारण नऊ टक्के कमी मोजतो. मग गाडी आहे त्याहून जास्त पिते असं वाटतं. अर्थात असले टायर खरंच जास्त पितात, ते आहेच.

केटीकरीण
तीन महिन्यांनी परत आले, कारण सल्ला घेऊन गायब होणाऱ्यांचा मला राग येतो.

घेतली. दोन वर्षं वापरलेली, टू-व्हील, २.७ लिटर टर्बो, मूळ टायरवर. ऑफिसचं अ‍ॅव्हरेज, वहीत लिहून, २१.५. शुक्रवारच्या ट्रॅफिकला १९. डॅशचा आकडा नेहमी अर्धा-पाऊण मैल खुशीत असतो.

मग डॅलसचा कार्यक्रम. जाताना सगळे ढोल भरलेले, ६५ धरून: २५२ मैल, १७.३ गॅलन, म्हणजे १४.६. येताना दहा ढोल तिकडच्या पथकाला दिले होते, डबा अर्धा रिकामा. म्हटलं आता चांगलं पडेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांची शाळा, म्हणून नवऱ्याने ७५ ने हाणली. मॅडिसनव्हिलच्या बकीजच्या पंपावर थांबलो तर गाडीचं दार वाऱ्याने हातातून सुटत होतं, दक्षिणेचा वारा सरळ तोंडावर. घरी आल्यावर हिशेब: २४९ मैल, २०.४ गॅलन. १२.२!
@दक्षिणवारा, तुमच्या नावाला स्मरून वहीत लाल शाईने लिहिलंय.

दक्षिणवारा
टेक्सासमध्ये घरी जाताना वारा कायम समोरून, तुम्ही आमच्या उत्तरेला राहायला या. गंमत सोडा, पुढच्या वेळी बंद डब्याऐवजी बुटका उघडा ट्रेलर भाड्याने घेऊन बघा. ढोल एका थरात, कॅबच्या उंचीखाली. गाडीने फाडलेल्या हवेतच तो लपतो. १७ च्या पुढे जाल.

केटीकरीण
पटतंय, पण मागे एकदा उघड्यातून नेले होते, कोर्सिकानाजवळ पावसाने गाठलं. कार्यक्रमाला पोचलो तर अर्ध्या ढोलांचा आवाज उशीवर मारल्यासारखा. ताडपत्री नीट बांधली तर जमेल. येत्या पंधरवड्यात ऑस्टिन आहे, करून बघते. केटी-सायप्रस भागात कुणाकडे १०-१२ रॅचेट पट्टे पडून असतील तर निरोप टाका, एका रविवारसाठी हवेत. कारभारी परत आणून देतील, ६५ ने.