हवाई झुंजींचे टेबलावरचे खेळ: नियम थोडे असूनही डाव इतका खोल कसा होतो?

प्रश्न (कागदी_विमान)

आमच्या मित्रमंडळात सध्या ‘विंग्स ऑफ वॉर’ हा पहिल्या महायुद्धातील विमानांचा खेळ रंगू लागला आहे. आंद्रेआ आंजोलिनो आणि पिअर जॉर्जो पाल्या या इटालियन रचनाकारांचा हा खेळ २००४ मध्ये आला आणि पुढे ‘विंग्स ऑफ ग्लोरी’ या नावाने निघू लागला. यात घरे आखलेला पट नाही आणि फासेही नाहीत. प्रत्येक विमानाला पत्त्यांचा स्वतंत्र कॅट असतो. त्यातील तीन पत्ते क्रमाने पालथे मांडायचे, सर्वांनी एकाच वेळी एकेक पत्ता उलटायचा, त्यावरील बाणाप्रमाणे विमान सरकवायचे आणि शत्रू माऱ्याच्या कोनात व मोजपट्टीच्या टप्प्यात आला असेल तर गोळीबार करायचा. नवख्या माणसाला हे सारे चहा होईपर्यंत समजावून सांगता येते. असे असूनही डाव संपल्यावर आम्ही बराच वेळ ‘तू तिथे वळशील असे वाटलेच नव्हते’ अशी चर्चा करत बसतो, जी कितीतरी जाडजूड नियमपुस्तिकांच्या युद्धखेळांनंतर होत नाही. ही खोली नेमकी कुठून येते? दुसरे असे की, आमच्यातील एका सदस्याच्या मते उंचीचे ऐच्छिक नियम वापरल्याशिवाय याला विमानांचा खेळ म्हणताच येत नाही. ते नियम घ्यावेत का?

प्रतिसाद १ (तिरका_पंख)

माझ्या मते सारे मर्म आगाऊ बांधिलकीत आहे. बुद्धिबळात प्रतिस्पर्ध्याची खेळी पाहून आपण उत्तर देतो. इथे त्याची खेळी दिसण्यापूर्वीच आपल्या तीन हालचाली ठरलेल्या असतात, आणि विमान असल्यामुळे ‘या वेळी जागेवरच थांबतो’ असे म्हणण्याची सोय नसते. त्यामुळे शत्रू आत्ता कुठे आहे याला फारशी किंमत उरत नाही. तो तिसऱ्या पत्त्यानंतर कुठे असेल, आणि आपण कुठे असू असे त्याला वाटत असेल, याचा अंदाज बांधावा लागतो.

हा अंदाज आंधळा नसतो, हे मात्र लक्षात घ्यायला हवे. तीव्र हालचालीचे दोन पत्ते लागोपाठ लावता येत नाहीत, आणि उलटे फिरवणाऱ्या इमेलमन पत्त्याच्या आधी व नंतर सरळ जाणारा पत्ता असावाच लागतो. म्हणजे एखाद्याने इमेलमन तिसऱ्या पत्त्यावर लावला, तर पुढच्या फेरीतील त्याचा पहिला पत्ता न पाहताच तुम्हाला ठाऊक असतो. मुरलेला खेळाडू अशा क्षणांसाठीच टपून बसतो, आणि त्याहून मुरलेला खेळाडू समोरच्याला तसा क्षण दाखवून फसवतो.

विमानांचे स्वभावही तक्त्यांवाचून कळतात. बाणाची लांबी म्हणजे वेग. त्यामुळे स्पॅड १३ हे वेगवान विमान घेऊन फोकरच्या चटकन वळणाऱ्या त्रिपंखी विमानाशी गिरक्या घेत बसणाऱ्याची गत काय होते ते एका डावात समजते. स्पॅडने घुसावे, गोळ्या झाडाव्यात आणि दूर निघून जाऊन मगच वळावे. अर्ध्या पट्टीच्या आत मारा केला तर शत्रूला हानीचे दोन पत्ते घ्यावे लागतात, लांबून केला तर एकच, त्यामुळे जवळ जाण्याचा मोह सतत होतो. शिवाय झालेली हानी ज्याची त्यालाच ठाऊक असते, म्हणून समोरचे विमान कोसळण्याच्या बेतात आहे की ठणठणीत आहे हे त्याच्या मालकाच्या चेहऱ्यावरूनच ताडावे लागते!

प्रतिसाद २ (जुना_वैमानिक)

वरील विवेचन पटते, परंतु उंचीच्या बाबतीत मी आपल्या त्या सदस्याच्या बाजूचा आहे. ओस्वाल्ड बोल्के या जर्मन वैमानिकाने १९१६ मध्ये हवाई झुंजीचे जे नियम घालून दिले, त्यांतील पहिलाच असा की हल्ल्यापूर्वी वरचढ स्थिती मिळवावी आणि शक्य तर सूर्य पाठीशी ठेवावा. उंचीच नसेल तर हा नियम खेळातून जवळजवळ बाद होतो आणि उरते ती केवळ वळणांची चढाओढ. अडचण एवढीच की उंचीच्या नोंदी ठेवताना डावाची गती मंदावते आणि मूळ खेळाचा सुटसुटीतपणा हरवतो.

या पेचातून अँडी चेंबर्स यांनी ‘ब्लड रेड स्काइज’ (२०१८) या दुसऱ्या महायुद्धावरील खेळात काढलेली वाट मला फार आवडते. तिथे उंची मोजतच नाहीत. विमान वरचढ, सम किंवा पडत्या स्थितीत असते, ते त्याच्या प्रतिकृतीच्या बैठकीच्या (स्टँडच्या) कलावरून दिसते, आणि आपल्याहून खालच्या स्थितीतील विमानावरच गोळीबार करता येतो. वरचढ स्थिती खर्चून चाल मिळवता येते, पण ती खर्चली की आपणच सावज होतो.

कागदी_विमान

आभारी आहे. उंची टाळून तिचे परिणाम तेवढे ठेवण्याची कल्पना आमच्या मंडळाला रुचेल असे वाटते. ‘स्टार वॉर्स’मधील अवकाशयानांच्या ‘एक्स-विंग’ या खेळाविषयी मात्र उलटसुलट ऐकतो, तोही याच धाटणीचा आहे ना?

प्रतिसाद ३ (शेपटावर_नजर)

गाभा तोच आहे. २०१२ मध्ये आलेल्या त्या खेळात पत्त्यांऐवजी प्रत्येक यानाची गुप्त डायल असते, कमी कसबाचा वैमानिक आधी हलतो आणि अधिक कसबाचा आधी गोळी झाडतो. ही योजना सुरेख आहे. पण वैमानिकांच्या व शस्त्रांच्या खास पत्त्यांची भर पडत गेली तशी निम्मी लढाई घरी ताफा जुळवतानाच होऊ लागली, आणि माझ्या लेखी ती खोली नव्हे, नुसती गर्दी.

साधेपणाची कमाल पाहायची असेल तर १९८० चा ‘एस ऑफ एसेस’ कुठे मिळाल्यास पाहा. दोन खेळाडू, दोन छोटी पुस्तके आणि प्रत्येक पानावर आपल्या विमानातून दिसणाऱ्या शत्रूचे चित्र. दोघे आपापल्या हालचालीखालचा आकडा एकमेकांना सांगतात, पाने उलटतात आणि नव्या स्थितीला पोहोचतात. पट नाही, मोजपट्टी नाही, तरी मानेवर शत्रू बसल्याची धास्ती पुरेपूर जाणवते.

आपल्या मंडळासाठी एक सूचना: कोलकात्याचे इंद्रलाल रॉय जुलै १९१८ मध्ये एस. ई. ५ए विमान उडवत फोकर डी. ७ विमानांशी लढताना मारले गेले, तोवर त्यांच्या नावावर दहा विजय जमा होते. ही जोडी घेऊन डाव मांडा, आणि दोनाऐवजी चार विमाने ठेवा; दोघांत नुसता अंदाजांचा सामना होतो, चौघांत मात्र एकाच्या मागे लागताना दुसऱ्याकडे पाठ वळते.