मदत हवी आहे : 'मिझेरिकॉर्ड' या जुन्या चर्चमधल्या आसनाचं नाव आलं कुठून?

नमस्कार मंडळी,

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी इंग्लंडमधल्या एक्सेटर कॅथेड्रलवर लेख लिहिते आहे आणि 'मिझेरिकॉर्ड' या शब्दापाशी अडले आहे.

वस्तू कळली आहे. प्रार्थना गाणाऱ्यांच्या लाकडी आसनांची बैठक बिजागरीवर वर उचलता येते. उचलली की तिच्या खालच्या अंगाला पुढे आलेली छोटी फळी दिसते. उभ्या माणसाने कमरेखालचा भार तिच्यावर टाकायचा. समोरून तो उभाच दिसतो. फळीखाली कोरीवकाम असतं. एक्सेटरची ही आसनं 13व्या शतकातली, आणि त्यांतल्या एकावर चक्क हत्ती आहे!

पण शब्दकोशात याच शब्दाचे आणखी दोन अर्थ सापडले : मठातली जेवणाची एक खोली आणि एक खंजीर. आसन, खोली, खंजीर यांचा एकमेकांशी काय संबंध? आणि मराठीत काय म्हणावं? जाणकारांनी कृपया सांगावं, अंक लवकरच छपाईला जायचा आहे.

प्रतिसाद १

तिन्हींचं मूळ एकच, लॅटिन 'मिझेरिकॉर्दिया' म्हणजे दया. कीव येणे या अर्थाचं क्रियापद आणि 'कोर' म्हणजे हृदय, यांपासून तो बनला.

मठाच्या संदर्भात मात्र नुसतं 'दया' म्हणून भागत नाही, तिथे त्याचा अर्थ 'नियमातून दिलेली सूट' असा होतो. संत बेनेडिक्टच्या नियमानुसार दिवसा सात आणि रात्री एक अशा आठ प्रार्थना, आणि त्यांचा बराच भाग उभ्याने. म्हाताऱ्या, आजारी साधूंना ते झेपेना. आधी कुबड्यांना परवानगी मिळाली, पुढे ही फळी आली. जर्मनीतल्या हिर्साऊ मठाच्या 11व्या शतकातल्या नियमांत हे नाव आढळतं. खोलीचंही तसंच. चतुष्पाद प्राण्यांचं मांस फक्त फार अशक्त साधूंनाच चालत असे. पुढे ही सवलत सैल झाली आणि असं जेवण जिथे वाढलं जाई त्या खोलीलाच ते नाव पडलं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतही अशी खोली होती.

खंजीर मठाबाहेरचा. चिलखताच्या फटीतून शिरेल असं अरुंद पातं, प्राणांतिक जखमी झालेल्या योद्ध्याच्या यातना संपवण्यासाठी. तिथे दया थेट मूळ अर्थाने आली आहे.

कोरीवकामावर जरूर लिहा, खरी गंमत तिथेच आहे. बैठकीखालची जागा सहसा कुणाला दिसत नसे, म्हणून सुतारांनी तिथे संतांपेक्षा रोजचं जग जास्त कोरलं. लडलोच्या चर्चमध्ये माप मारणाऱ्या दारूवालीला सैतान नरकात नेतो आहे. रिपनमध्ये डुक्कर बॅगपाइप वाजवतं. इंग्लंडमध्ये मधल्या शिल्पाच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन छोटी शिल्पं असतात. युरोपात इतरत्र ती सहसा नसतात. फोटो घ्याल तर तिन्ही एकत्र येतील असा घ्या.

प्रतिसाद २

गोव्याच्या वाचकांसाठी एक ओळ घालाल का? हाच शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडेही आला, पण फर्निचर म्हणून नव्हे. राणी लिओनोरच्या पुढाकाराने 1498 मध्ये लिस्बनला 'सांता काझा द मिझेरिकॉर्दिया' ही सेवाभावी संस्था सुरू झाली आणि 16व्या शतकात तशीच संस्था जुन्या गोव्यात उभी राहिली. रुग्णालय आणि अनाथ मुलींचा सांभाळ ही तिची मोठी कामं.

मराठी शब्दाबद्दल : 'दयासन' वगैरे कृपया नको, वाचकाला काहीच कळणार नाही. 'कक्षासन'ही चुकेल, ती मंदिराच्या मंडपातली पाठ टेकायची दगडी बैठक. कुंभमेळ्यातले खडेश्वरी साधू बसत नाहीत, टांगलेल्या झुल्यावर अंग टेकतात; तो दाखला दिलात तर वाचकाला वस्तू लगेच डोळ्यांपुढे येईल.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. 'नियमातली सूट' हा दुवा मिळाला आणि आसन नि खोली एका धाग्यात आली. शब्द 'मिझेरिकॉर्ड' असाच ठेवते, पहिल्यांदा येईल तिथे 'उभ्याने टेकायची फळी' असं लिहीन. खडेश्वरींचा दाखलाही घेते.

आता एकच. गोवा किंवा वसईच्या एखाद्या जुन्या चर्चमध्ये गायकांच्या आसनांखाली अशी फळी कुणी पाहिली आहे का? असेल तर चर्चचं नाव आणि बैठक उचललेला फोटो इथे टाका. लेखात त्यासाठी जागा राखून ठेवते.