आईच्या तळपायावरचा तीळ, साधा आहे की दाखवायला हवा?

सायली_ठाणे: आईच्या टाचेजवळ काळा डाग आहे, ती म्हणते जुनाच तीळ आहे पण मला तो गेल्या चारेक महिन्यांत पसरल्यासारखा वाटतोय, दुखत नाही खाजत नाही. नुसतं बघून कसं ओळखायचं?

मिलिंदकाका: साधा तीळ बहुतेक गोल, कडा स्पष्ट, रंग सगळीकडे एकच. अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यासारखा नसेल, कडा फाटक्या, रंग दोन-तीन छटांचा, आकार ६ मिमीच्या वर म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या रबराएवढा किंवा मोठा, तर दाखवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बदल, जो तुम्ही स्वतःच लिहिलाय.

रेवा२२: काका बरोबर बोलताहेत. आपल्या सावळ्या त्वचेत मेलानोमा, म्हणजे तिळासारखा दिसणारा त्वचेचा कॅन्सर, कमी होतो पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात नाहीतर नखाखाली, जिथे ऊन लागतच नाही. गायक बॉब मार्लेला पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच झाला होता, १९८१ ला गेला तो, अवघ्या ३६ व्या वर्षी. दुखत नाही म्हणून थांबू नका गं प्लीज.

सायली_ठाणे: मग चामखीळ असेल का? शेजारच्या काकू चुना लावायला सांगताहेत.

मिलिंदकाका: चुना अजिबात नको! जखम झाली की डॉक्टरांनाही नीट दिसणार नाही. चामखीळ खरखरीत, उंचवट्याची असते, तुमचा डाग सपाट वाटतोय. आजच शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि स्किनच्या डॉक्टरांकडे न्या, ते डर्मोस्कोपने म्हणजे त्वचेच्या खास भिंगाने बघतात, शंका आली तर बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी.

सायली_ठाणे: उद्याची अपॉइंटमेंट घेतली.