मदत हवी आहे: सायलेन्सरचा गंजलेला नट निघत नाही

मंडळी, वडिलांची १९९८ ची स्प्लेंडर हाताखाली घेतली आहे. गाडी बरीच वर्षं मालवणला पडवीत उभी होती, त्यामुळे खाऱ्या हवेने करायचं ते केलंय. सायलेन्सर इंजिनच्या हेडला (वरच्या भागाला) जिथे बसतो तिथले दोन नट. एक निघाला, कुरकुरत का होईना. दुसरा मात्र जागचा हलत नाही. गंज सोडवायचा स्प्रे डब्ल्यूडी-४० तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मारलं, डिझेलचा बोळा रात्रभर लावून ठेवला, हातोडीने हलकं ठोकलं. शेवटी घाईत फिक्स पाना लावला आणि कोपरे गोल करून बसलो (रिंग पाना हातातच होता, अक्कल नव्हती). आता नट सुपारीसारखा दिसतोय.

हेड ॲल्युमिनियमचं, स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) लोखंडी. स्टड आत तुटला तर काम वाढणार, म्हणून जोर करायला धजत नाही. गल्लीतला मेकॅनिक म्हणतो, गॅसने लाल कर आणि छिन्नीने फोड. मला हेडची भीती वाटते.

कुणी यावर दुसरा मोठा नट वेल्ड करून काढलाय का? वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवायची ना? की नट उभा कापून फोडलेला बरा? फोटो खाली टाकतो.