मुलांच्या उपचारांचा दर्जा गटाने सुधारतो की एका जबाबदार माणसाने?

पाळीप्रमुख (धागाकर्ती)

बालरुग्ण विभागात दर्जा सुधारायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी परिपत्रक निघतं, भिंतीवर तक्ता लागतो आणि दोन महिन्यांत सगळं जैसे थे होतं. ज्या कामाला पाच जणांचे हात लागतात, ते पाच जणांनी एकत्र बसून उलगडल्याशिवाय सुधारत नाही, असं माझं ठाम मत आहे.

उदाहरण सेप्टिक शॉकचं घेऊ, म्हणजे संसर्गामुळे रक्ताभिसरण कोसळण्याचं. 2020 च्या आंतरराष्ट्रीय बालरोग मार्गदर्शक सूचनांनुसार शॉक ओळखल्यापासून एका तासात प्रतिजैविक सुरू व्हायला हवं. हा तास जातो कुठे? मुलाचे हातपाय गार पडलेत, नाडी जलद आहे, नखावर दाबून सोडलं तर रंग परतायला 3 सेकंदांहून जास्त लागतात, हे आधी सिस्टरच्या लक्षात येतं. ती डॉक्टरांना बोलावते. ते येऊन बघतात. मग शीर शोधणं, रक्ताचं कल्चर (जंतू शोधायची तपासणी), ऑर्डर, औषधसाठ्यातून औषध येणं, ते विरघळवणं, मात्रा काढणं आणि शेवटी देणं. यातल्या प्रत्येक टप्प्यावर मिनिटं सांडतात, आणि प्रत्येक टप्पा वेगळ्या माणसाच्या ताब्यात असतो.

सर्वांत घातक जागा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. डॉक्टर ऑर्डर लिहितात, "दिवसातून तीनदा". सिस्टर ते नेहमीच्या वेळापत्रकात बसवते, आणि पहिला डोस दोन तासांनी, पुढच्या ठरलेल्या वेळेला जातो. दोघांपैकी कोणीही नियम मोडलेला नसतो. "पहिला डोस आत्ता" अशी वेगळी ओळ चार्टवर छापून घेणं, पहिल्या डोसपुरतं औषध वॉर्डातच ठेवणं, शॉकमध्ये 5 मिनिटांत शीर मिळाली नाही तर हाडातून सुई घालायची हे आधीच ठरवून ठेवणं, कल्चर निघत नाही म्हणून औषध न अडवणं: हे चार बदल चार वेगवेगळ्या लोकांच्या संमतीचे आहेत. एकट्या प्रमुखाला यातले दोनसुद्धा सुचणार नाहीत.

एकच_नाव

असहमत. तुमचं उदाहरण चोख आहे, निष्कर्ष पटत नाही.

गट म्हटला की जबाबदारी पातळ होते. "आपण सगळ्यांनी लक्ष ठेवू या" याचा वॉर्डातला अर्थ कोणीच लक्ष ठेवणार नाही असा होतो. तुम्ही सांगितलेल्या चार बदलांतले तीन म्हणजे वस्तू आणि छापील ओळी आहेत. त्या एका माणसाने एका आठवड्यात करून घ्याव्यात. त्यासाठी सहा बैठका कशाला?

मुलांच्या सुरक्षिततेत टिकलेले बदल बघा. तोंडाने द्यायच्या औषधाची सिरिंज, जिचं टोक शिरेच्या नळीला बसतच नाही. फक्त किलोत वजन दाखवणारा काटा. शिरेतून औषध सोडणारा आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ न देणारा इन्फ्युजन पंप. ही साधनं माणसाच्या स्मरणशक्तीवर किंवा मनमिळाऊपणावर अवलंबून नाहीत. प्रशिक्षण आणि "एकमेकांशी बोला" हे सुधारणेचे सर्वांत दुबळे उपाय आहेत, आणि गट नेमके तेच सुचवतात, कारण त्यावर कोणाचंच दुमत होत नाही.

मात्रा_तपासनीस

एकच_नाव, साधनं बलवान असतात हे मान्य. पण कोणतं साधन कुठे लागेल हे तुम्हाला कोण सांगणार?

नवजात बाळ, वजन 2.8 किलो. जेंटामायसिन हे प्रतिजैविक 5 मिग्रॅ प्रति किलो धरलं तर 14 मिग्रॅ. कुपी 2 मिलीत 80 मिग्रॅची असेल, म्हणजे 1 मिलीत 40, तर भरायचं 0.35 मिली. दशांशचिन्ह सरकलं की 3.5 मिली होतं, दहापट. पण ही चूक निदान हाताला जाणवते, कारण त्यासाठी दुसरी कुपी फोडावी लागते. नवजात बाळाच्या एका डोसाला दुसरी कुपी लागते आहे असं दिसलं की थांबायचं, हा साधा नियम कुठल्याही पंपाइतकाच कामाचा आहे.

आता दुसरी चूक पाहा. त्याच औषधाची मुलांसाठीची कुपीही येते, 2 मिलीत 20 मिग्रॅ. तिच्यातून 14 मिग्रॅसाठी 1.4 मिली घ्यावं लागतं. दोन्ही कुप्या एकाच कप्प्यात असतील आणि 1.4 मिलीची सवय झालेल्या हाताने मोठी, म्हणजे 80 मिग्रॅची कुपी उचलली, तर बाळाला 56 मिग्रॅ जातात. चौपट, आणि दुसरी कुपी फोडावी लागत नाही. सिरिंजमधला द्रव नेहमीइतकाच दिसतो. काहीच खटकत नाही.

नवजात कक्षातून मोठी कुपी हटवणं हा यावरचा उपाय, आणि तो तुमच्याच पठडीतला आहे. पण दोन्ही कुप्या एका कप्प्यात येतात हे साठा भरणाऱ्या फार्मासिस्टला दिसतं, हाताची सवय सिस्टरला माहीत असते, आणि डॉक्टरांनी ऑर्डर फक्त मिलीत लिहिली, मिग्रॅ लिहिलंच नाही, ही तिसरी फट. तिघं एका टेबलावर आल्याशिवाय हे चित्र जुळत नाही. एकट्याने ठरवलं तर तो शेवटच्या माणसाला मेमो देईल, आणि कप्पा तसाच राहील.

रात्रपाळी

मात्रा_तपासनीस यांच्याशी सहमत. पण "दोघांनी तपासा" हा गटाचा आवडता उपाय मला धोक्याचा वाटतो. कागदावर दोन सह्या होतात. प्रत्यक्षात पहिली म्हणते, "शून्य पॉइंट पस्तीस, बरोबर ना?" आणि दुसरी मान हलवते. ही तपासणी नव्हे, कारण उत्तर आधीच कानावर पडलेलं असतं. दुसरीने ऑर्डर, वजन आणि कुपी स्वतः बघून, वेगळ्या कागदावर आकडा काढायचा आणि मग दोन्ही आकडे ताडायचे. याला वेळ लागतो. सरसकट सगळ्या औषधांना लावलं तर रात्री दोन सिस्टर आणि वीस मुलं असताना ते फक्त सहीपुरतं उरतं. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम, मॉर्फिन, नवजातांची प्रतिजैविकं, एवढ्यांनाच लावा आणि तिथे मात्र सूट देऊ नका.

आलेखरेघ

दोन्ही बाजू दाव्यावर दावे करत आहेत, मोजमाप कोणीच काढलेले नाही. गट चांगला की एकटा, हे बदलानंतर रेघ हलली का यावरून ठरते.

पण रेघ वाचायची शिस्त हवी. महिन्यात सेप्टिक शॉकची पाचच मुले आली आणि वेळेत औषध मिळण्याचे प्रमाण 80 टक्क्यांवरून 60 वर आले, तर फरक एका मुलाचा आहे. त्यावर बैठक बोलावून कोणाला झापणे हा अन्याय आहे. अशा ठिकाणी टक्केवारी सोडा, प्रत्येक मुलाची मिनिटे क्रमाने मांडा, मध्यकाची (क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याची) रेघ ओढा, आणि सलग 6 किंवा अधिक बिंदू एकाच बाजूला पडले तरच बदल झाला म्हणा.

तीन गोष्टी मोजा. परिणाम, म्हणजे मुलाचे काय झाले. प्रक्रिया, म्हणजे औषध शिरेत गेले ती वेळ. ऑर्डर लिहिल्याची वेळ नव्हे, कित्येक ठिकाणी तीच मोजली जाते आणि कागदावर सारे छान दिसते. आणि तिसरी, ओढाताणीची बाजू: घाईमुळे संसर्ग नसलेल्या मुलांना प्रतिजैविके जास्त जाऊ लागली का? ही तिसरी रेघ नसलेला प्रकल्प मला अर्धवट वाटतो.

साधनांवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी एक दाखला. मुलाची प्रकृती ढासळते आहे हे गुणांकाने आधीच ओळखणारा तक्ता 7 देशांतल्या 21 रुग्णालयांत तपासला गेला. निष्कर्ष 2018 मध्ये आले: मृत्युदरात फरक पडला नाही. माझ्या मते तक्ता माणसाला सावध करतो, पण गुण वाढल्यावर कोणी किती मिनिटांत यायचे आणि न आल्यास सिस्टरने थेट कोणाला फोन करायचा, हे ठरलेले नसेल तर तो आकडा कागदावरच राहतो.

एकच_नाव

आलेखरेघ, हाच दाखला उलटाही वाचता येतो. शस्त्रक्रियेपूर्वीच्या सुरक्षा यादीचंच घ्या. 2009 च्या अभ्यासात 8 रुग्णालयांत मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आले. तो 16 वर्षांवरच्या रुग्णांचा होता, तरी दाखला मात्र सगळीकडे दिला जातो. पुढे कॅनडातल्या ऑन्टारियोत 101 रुग्णालयांत तीच कल्पना सक्तीने लागू झाली, आणि 2014 च्या अभ्यासात लक्षणीय फरक दिसला नाही. मिळून काम करण्याची पद्धत ज्यांनी मनापासून उचलली तिथे चालली, इतरत्र खुणा करण्यापुरती उरली. मग जी गोष्ट उत्साहावर तगते तिला पद्धत कसं म्हणायचं?

पाळीप्रमुख

ऑन्टारियोचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. वरून लादलेली यादी म्हणजे गटाचं काम नव्हे, त्याचं फक्त छापील रूप.

मुलांचाच दाखला देते. 2010 मध्ये अमेरिकेतल्या 29 बाल अतिदक्षता कक्षांच्या एकत्रित कामाचे निष्कर्ष आले. मोठ्या शिरेतल्या नळीमुळे होणारा रक्तसंसर्ग दर हजार नळी-दिवसांमागे (एका मुलाला एक दिवस नळी म्हणजे एक नळी-दिवस) 5.4 वरून 3.1 वर आला. मोठ्यांच्या कक्षांत भर असायचा तो नळी घालतानाच्या शिस्तीवर, म्हणजे टोपी, मास्क, निर्जंतुक चादर यांवर. मुलांमध्ये मात्र फरक पडला तो नळीच्या रोजच्या देखभालीने. आणि देखभाल डॉक्टरांच्या हातात नसते. औषध देण्याआधी नळीचं तोंड 15 सेकंद घासून ते सुकू द्यायचं. पारदर्शक ड्रेसिंग 7 दिवसांनी, कापसाचं 2 दिवसांनी, आणि ओलं किंवा सुटलेलं दिसलं तर तेव्हाच बदलायचं. रोजच्या राऊंडला "ही नळी आज खरंच हवी आहे का?" हा प्रश्न मोठ्याने विचारायचा. एका कर्त्या डॉक्टरने हुकूम काढला असता तर तो स्वतः करतो त्या टप्प्याबद्दल, म्हणजे नळी घालण्याबद्दल काढला असता. चुकीच्या टोकाला.

पालकपक्ष

या सगळ्या चर्चेत आईबाप कुठेच नाहीत. चोवीस तास मुलाशेजारी तेच असतात. चार पाळ्या बदलतात, आई तीच असते. "आज रडणं वेगळं आहे", "याला सकाळी हे औषध दिलं होतं" हे तीच सांगू शकते. राऊंडला तिला बाजूला उभं करणं म्हणजे हातचा माहितगार सोडणं.

रात्रपाळी

पालकांना सामील करावं, यात वाद नाही. त्यांना पहारेकरी करू नये. उद्या चूक झाली तर "तुम्ही का नाही बोललात?" हा प्रश्न त्या आईच्या मनात कायमचा राहील.

आलेखरेघ

इथे मोजमाप उपलब्ध आहे. 2018 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या 7 रुग्णालयांचा अभ्यास आला. राऊंड पालकांसमोर, त्यांच्या भाषेत, ठरलेल्या क्रमाने घ्यायचा आणि शेवटी समजलेले त्यांच्याच शब्दांत ऐकायचे, अशी रीत होती. मुलाला अपाय करणाऱ्या चुका सुमारे 38 टक्क्यांनी घटल्या. एकूण चुकांचे प्रमाण मात्र बदलले नाही. म्हणजे पालक सगळ्या चुका पकडत नाहीत, आणि तसे अपेक्षूही नये. पण अपाय व्हायच्या आधी काहीतरी अडते.

रात्रपाळी, तुमच्या वेळेच्या मुद्द्याबद्दल: 2014 मध्ये 9 रुग्णालयांतल्या निवासी बालरोग डॉक्टरांच्या ओव्हरवर, म्हणजे पाळी बदलताना मुलांची माहिती पुढच्याकडे सोपवण्यावर, असेच काम झाले. प्रकृती किती गंभीर, थोडक्यात हकीकत, उरलेली कामे, बिघडल्यास काय करायचे, आणि शेवटी ओव्हर घेणाऱ्याने ते परत सांगायचे. वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय 30 टक्क्यांनी कमी झाले. ओव्हरचा वेळ लक्षणीय वाढला नाही.

एकच_नाव

ठीक. दोष कुठे आहे हे शोधायला सगळे हवेत, हे मी मान्य करतो. जेंटामायसिनच्या दोन कुप्यांचं उदाहरण निरुत्तर करणारं आहे. पण दोष सापडल्यानंतरचा दिवस बघा. कप्प्यातून मोठी कुपी कोण हटवणार, कधीपर्यंत, आणि पुढच्या खरेदीत ती परत आली तर कोणाच्या लक्षात येईल? तिथे "गट" हे उत्तर मला चालणार नाही.

मात्रा_तपासनीस

तिथे एकच नाव हवं, आणि ते फार्मासिस्टचं. साठा भरताना दर आठवड्याला कप्पा बघायचा आणि कुपीवरची तीव्रता वाचायची. तो रजेवर असेल तर कोण, हेही त्याच ओळीत लिहायचं. बहुतेक सुधारणा इथेच ढासळतात. पुरवठादार बदलतो, नव्या कुपीचं झाकण त्याच रंगाचं असतं आणि तीव्रता वेगळी.

पाळीप्रमुख

पटलं. मग आमच्या बाजूची एक अट. त्या फार्मासिस्टला कप्पा चुकलेला दिसला तर वॉर्डाला थांबवायचा अधिकारही हवा, फक्त जबाबदारी नको. "आत्ता हेच वापरा, नंतर बघू" असं वरिष्ठ डॉक्टर म्हणाले तर काय करायचं, हे गटाने आधी लिहून, त्या वरिष्ठांची सही घेऊन ठेवायला हवं.

एकच_नाव

वरिष्ठांच्या सहीवर माझा विश्वास कमी आहे, मोठी कुपी त्या मजल्यावर येणारच नाही अशा खरेदीच्या अटीवर जास्त. पण सही असू द्या.