सोलर पॅनल घरीच धुवायचे आहेत, काय घेऊ? (बजेट १५०० रु.)

रानजाई_लातूर: नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटचं सोलर बसवलं, ५४० वॅटचे ६ पॅनल एका ओळीत, ७८ हजार सबसिडीपण जमा झाली. फेब्रुवारीत दिवसाला १३-१४ युनिट पडायचे, आता एप्रिलात ९-१० वर आलंय. मागं डाळ मिल आहे, तिचा भुसा येऊन बसतो आणि वरून कबुतरं. पाणी बोअरचं, बादलीला पांढरे थर बसतात इतकं क्षाराचं. पॅनलची खालची कड स्लॅबपासून ६ फुटांवर, वरची ८. घरात मी आणि सासूबाई, मिस्टर पुण्याला असतात त्यामुळे वर चढणं जमणार नाही. १५०० च्या आत काही सुचवा.

विजयपथ_नाशिक: ताई सरळ स्प्रिंकलर बसवून घ्या. मी बसवलाय, टायमरसकट ११ हजार लागले, सकाळी ६ ला आपोआप चालू होतो, आमच्या कॉलनीत पहिला माझाच, नंतर चौघांनी बघून बसवला.

मांजराकाठ: दादा, त्या १५०० म्हणाल्यात. आणि बोअरच्या पाण्याचा स्प्रिंकलर लावला तर रोज काचेवर क्षार वाळत जाणार, नंतर ते निघत नाहीत. शिवाय हे लातूर आहे, २०१६ ला आम्हाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. इथं रोज छत भिजवायचं म्हणजे पटत नाही मला.

विजयपथ_नाशिक: दोन मिनिटं चालतो फक्त. गाड्या धुवायला जास्त पाणी जातं.

साखरपट्टा_सांगली: डाळीचा भुसा परवडला हो, आमच्याकडं कारखान्याचं गाळप सुरू झालं की काजळी पडते, तेलकट असते, नुसत्या पाण्यानं हलत नाही. लांबवणारा रॉड आणि मऊ मॉप घ्या, मी ३ मीटरचा घेतला, ऑनलाइन ९०० च्या आसपास, अजून टिकलाय. साबणाचे दोन थेंब बास, पावडर नको, फेसाचा थर राहिला की त्यावर धूळ अजून चिकटते. वरची कड खालूनच गाठता येते.

निवांत_जालना: आरओचं वाया जाणारं पाणी साठवून वापरा, फुकटात काम.

करंटवाले_काका: अहो, क्षार सगळे त्याच पाण्यात जातात, चांगलं पाणी वेगळं निघतं. ते बोअरपेक्षा वाईट! एसीच्या पाइपातून टपकतं ते चालेल, त्यात क्षार नसतात. रानजाई, आता महत्त्वाचं. इन्व्हर्टर बंद केला म्हणजे पॅनल मेला असं नसतं, ऊन आहे तोवर वायरीत डीसी करंट असतो, तुमच्या ६ पॅनलचे मिळून अडीच-तीनशे व्होल्ट. खालच्या जोडण्यांवर पाणी मारू नका, कुठं वायर सोललेली किंवा काच तडकलेली दिसली तर हात न लावता माणूस बोलवा. धुवायचं ते सूर्य उगवायच्या आधी, तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. रॉड लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचा नको.

साखरपट्टा_सांगली: माझा अॅल्युमिनियमचाच आहे, काही झालं नाही.

करंटवाले_काका: होईल तेव्हा सांगायला तुम्ही नसाल. फायबरचा घ्या.

गावकुस: आमच्या मेव्हण्यानं पॅनलवर उभं राहून पुसलं. काच फुटली नाही पण आतले वीज बनवणारे सेल तडकले, एका पॅनलचं उत्पादन पडलं. कंपनीवाले म्हणाले पायाचा दाब आहे, वॉरंटी नाही. वर्षाच्या देखभालीचे पैसे आधीच घेऊन बसलेत, फोन केला की पुढच्या आठवड्यात येतो म्हणतात.

निवांत_जालना: पहिला पाऊस आला की सगळं स्वच्छ होतं, कशाला त्रास. स्प्रिंकलर पण चांगला वाटतोय.

मांजराकाठ: पाऊस जूनमध्ये, तोवर दोन महिने नुकसान. आणि कबुतराची विष्ठा पावसानं जात नाही. तेवढ्या सेलवर सावली पडून तो भाग तापतो, म्हणून डाग आधी ओले करून मऊ पडू द्या मग पुसा. कोरडं घासलं तर धुळीतल्या कणांनी काचेवर ओरखडे येतात. शेवटचं पाणी गावातल्या आरओ प्लांटच्या जारचं मारा, २० लिटर पुरतं. आणि एक, सगळी घट धुळीचीच नसणार. पॅनल तापला की २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.३-०.४ टक्के उत्पादन कमी होतं, एप्रिलात ते होणारच. धुवायच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवसाचे आकडे ताडून बघा, दोन्ही दिवस ऊन सारखं हवं.

रानजाई_लातूर: सगळ्यांचे आभार. रॉड काही घेतला नाही. सोयाबीनच्या फवारणीचा बॅटरीवाला पंप घरात पडून आहे, तणनाशकाचा वेगळा ठेवतो आम्ही त्यामुळे भीती नाही. तो दोनदा धुऊन घेतला. पहाटे स्लॅबवरच भरला, खाली ठेवला आणि नळीला लांब लान्स (फवाऱ्याची दांडी) लावून खालूनच मारलं. मग जाळं काढायच्या बांबूला जुनं सुती धोतर गुंडाळून पुसलं आणि शेवटी जारचं पाणी मारलं. काल ९.५ होतं, आज १२ आलंय, ऊन सारखंच. खर्च जारचा तेवढा.

साखरपट्टा_सांगली: पंपाला जोर नसतो ताई, रॉड घ्याच.

करंटवाले_काका: जोर नाही तेच बरं, प्रेशर वॉशरनं काचेच्या कडेचं सील जातं. बांबू मात्र कोरडा ठेवा.

रानजाई_लातूर: हो काका. वरच्या कोपऱ्यातले दोन डाग राहिलेत, आज संध्याकाळी ओले करून ठेवते. कबुतरांसाठी खालून जाळी मारायचीय, उरलेले पैसे तिथं घालते. लातुरात जाळी कुठं स्वस्त मिळेल?