एकोपा आणि हिशेब
'डोंगरातल्या छोट्या गावात माणसं मुळातच एकोप्यानं राहतात, नियम लागतात ते शहरात' हे मत अर्धंच पटलं. एकोपा असतो, पण तो आपोआप टिकत नाही. स्वित्झर्लंडमधलं त्योर्बेल हे डोंगरातलं गाव घ्या. तिथला १५१७चा नियम असा: हिवाळाभर जेवढ्या गायी पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात वरच्या सामायिक कुरणावर सोडायच्या. जास्त सोडल्या की दंड, आणि त्यातला अर्धा वाटा दंड करणाऱ्या कारभाऱ्याच्या खिशात! (डोळ्यांत तेल घालून मोजत असणार गडी.)

या गायींच्या दुधाच्या चीजची वाटणीही ज्याच्या त्याच्या गायींच्या प्रमाणात. हिमलोटानं मोडलेले गोठे उभारणं, पायवाटा दुरुस्त करणं या कामांचा वाटासुद्धा साधारण गुरांच्या संख्येवरच ठरायचा.